ट्रकच्या नाकावरचा मेंढा

ईश्वरला घाबरायला मोठं कारण लागत नसे. गॅसचं बटण बंद केलं का, या शंकेनं तो शिरूरच्या बाहेर पडून पुन्हा घरी यायचा. बँकेचा मेसेज आला तर आधी पाणी प्यायचा आणि मग वाचायचा. रांजणगावच्या एका कारखान्यात तो स्टोअरला होता, आणि एखादा नट कमी भरला तर घरी जेवताना घासागणिक तोच नट त्याच्या दातांखाली यायचा. अशा माणसानं भर पंगतीत, सासऱ्यासमोर, "त्यात काय एवढं, मी घरी करून देतो" असं का म्हणावं, हे त्याच्या बायकोला, अंकिताला, कधीच कळलं नाही. खुद्द ईश्वरलाही कळलं नाही. वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा हे कोण बोललं म्हणून तो स्वतःच मागं वळून बघणार होता.

पंगत राहू गावाला होती, अंकिताच्या माहेरी, आणि विषय ट्रकचा होता.

तो ट्रक म्हणजे सासऱ्यांचा, रखमाजीआप्पांचा जीव. लांब नाकाचा, विलायती, आता जगात कुणी बनवत नाही असला. तरुणपणी आप्पांनी मेंढरांचा कळप विकून तो लिलावात घेतला. लिलावात रांगेनं ट्रक उभे होते आणि आप्पांना त्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. पण एका ट्रकच्या नाकावर कंपनीचं चिन्ह म्हणून धातूचा मेंढा होता. मान खाली, शिंगं वळलेली, आता ढुशी देणार असा. आप्पा म्हणाले, "ह्योच. मेंढरं सोडली तरी म्होरं मेंढा पायजे." इंजिन चालू होतं का, हेसुद्धा त्यांनी नंतर विचारलं.

आता ट्रक धंदा करत नव्हता. वर्षभर शेडमध्ये उभा असायचा आणि दसऱ्याला सगळं घर अंगावर घेऊन बिरोबाच्या देवळाला जाऊन यायचा. त्या आधी दरवर्षी आप्पा मेंढ्याला ऑइलपेंटचा एक हात मारायचे. रंग कुठला, तर घरात उरलेला असेल तो. फाटकाचा हिरवा, ट्रॅक्टरचा निळा, एके वर्षी चुलतभावाच्या दुकानाच्या शटरचा जांभळा. असे थरावर थर चढून मेंढ्याचे डोळे बुजले, नाक बुजलं, आणि शेवटी दोन शिंगं फुटलेला मोठा बटाटा ट्रकच्या नाकावर बसलेला दिसायला लागला.

"ह्याचा जुना रंग उतरवून पहिल्यासारखा करता येतो," ईश्वर पंगतीत म्हणाला. मोबाइलवर त्यानं तसले व्हिडिओ पाहिले होते. त्यात गंजका पत्रासुद्धा पाच मिनिटांत आरशासारखा होतो. "त्यात काय एवढं, मी घरी करून देतो."

आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. उठले. शेडमधून पान्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ते टॉवेलात गुंडाळलेलं गाठोडं घेऊन आले आणि त्यांनी ते ईश्वरच्या मांडीवर ठेवलं.

"दसऱ्याला पायजे," ते म्हणाले. मग बराच वेळ ईश्वरकडं बघून आणखी एक शब्द म्हणाले, "जपून."

आप्पा मुळात फार बोलत नसत. त्यांना भली मोठी पांढरी मिशी होती आणि बहुतेक काम ती करायची. त्यामुळं त्या एका शब्दानं ईश्वरची भूक मेली.

मोटरसायकलवरून शिरूरला परत येताना मेंढा अंकिताच्या मांडीवर होता. न्हावऱ्याला रस प्यायला थांबले, तर एका म्हातारीनं कौतुकानं टॉवेलाचं टोक बाजूला करून बाळाचं तोंड बघितलं. नंतर ती रस न पिताच निघून गेली.

"अहो, अजून वेळ आहे," अंकिता म्हणाली. "परत नेऊन देऊ. जमत न्हाई म्हणून सांगा."

"तुझ्या वडलांना? तू सांगतेस?"

अंकितानं टॉवेल नीट गुंडाळला. वडिलांची मिशी तिला नसली तरी त्या मिशीची भीती तिच्यातही पुरेपूर होती.

शिरूरला ते एका अपार्टमेंटमध्ये राहायचे. खाली बाळासो राहायचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी कालव्याला पाणी सोडलं होतं आणि आता ते लोकांना सल्ले सोडत होते. टॉवेलातलं गाठोडं जिन्यातून वर जाताना त्यांना दिसलं नसतं तरच नवल. ईश्वर चप्पल काढेपर्यंत बाळासो दारात हजर झाले.

"ईश्वरराव, एवढे थर ब्रशनं निघायचे न्हाईत," मेंढ्यावर टिचकी मारून ते म्हणाले. "ह्याला ॲसिड. फरशी धुवायचं. बादलीत टाकायचं आन् विसरून जायचं."

"धातूला काही होणार न्हाई ना?"

"धातूला काय होतंय? आमच्या खात्यात दारं आम्ही ॲसिडनंच धुतली."

कुठली दारं, ती दारं आज आहेत का, हे विचारायला हवं होतं, असं ईश्वरला फार उशिरा सुचलं.

समोरच्या वच्छलाबाईंचं मत वेगळं होतं. देवाच्या भांड्यांना त्या चिंच लावायच्या, म्हणून मेंढ्यालाही चिंचच. ईश्वरला ॲसिडची धास्ती होती, त्यामुळं त्यानं आधी चिंच घेतली. एक अख्खा दिवस मेंढा चिंचेच्या कोळात बसला. रंग तसूभर हलला नाही. फक्त घरभर आमटीचा वास सुटला आणि ईश्वर मेंढ्याला साबणानं घासत असताना अंकिताला वाटलं की आज स्वयंपाक त्यानं केलाय.

मग ॲसिड. बाथरूममध्ये बादली, तोंडाला ओला रुमाल, हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर त्याचा जुना क्रिकेटचा गॉगल. त्यानं मेंढा आत सोडला. बादली फसफसली. पांढरा धूर वर आला. ईश्वरनं दार लावून घेतलं आणि बाहेर सोफ्यावर येऊन बसला. आतून बुडबुड्यांचा आवाज येत होता, जणू कुणीतरी तक्रार सांगतंय.

धूर थांबल्यावर त्यानं अंकिताच्या स्वयंपाकघरातल्या सांडशीनं मेंढा वर काढला, पाण्याखाली धरला आणि ब्रश फिरवला. आणि त्याचा श्वासच अडकला. बटाटा गेला होता. खाली खरा मेंढा होता. कपाळावरच्या लोकरीची एकेक वेटोळी, फुगलेल्या नाकपुड्या, चिडलेले डोळे. किती वर्षांनी त्या मेंढ्यानं जग बघितलं असेल! ईश्वरच्या अंगावर आनंदानं काटा आला. "अंकिता, अगं ये, बघ!" तो ओरडला.

अंकिता आली, तिनं बघितलं, आणि म्हणाली, "दुसरं शिंग कुठाय?"

दुसरं शिंग बादलीच्या तळाशी होतं.

ईश्वर तिथंच, ओल्या फरशीवर बसला. काही माणसांच्या बाबतीत दैवाला वेळेचं फार भान असतं, त्यामुळं त्याच क्षणी फोन वाजला. पडद्यावर 'आप्पा' अशी अक्षरं होती. अंकितानं फोन त्याच्या कानाला लावला आणि स्वतः बाहेर पळाली.

"कसा हाय?" आप्पांनी विचारलं. दवाखान्यात ठेवलेल्या माणसाची चौकशी करावी तसा आवाज.

"बरा आहे."

"रंग निघाला?"

"निघाला, आप्पा. सगळा निघाला."

"दुखावला न्हाई ना कुठं?"

ईश्वरनं डाव्या हातातल्या शिंगाकडं बघितलं. "न्हाई," तो म्हणाला.

बस, एवढंच खोटं. पण त्या दिवसापासून फोन वाजला की तो आधी पाणी प्यायचा आणि मग उचलायचा.

नळाच्या गळतीला लावतात तसलं सील मळून त्यानं शिंग चिकटवलं. चिकटलं, पण खाली कललं. "कानाला फोन लावून बसल्यासारखा दिसतोय," अंकिता म्हणाली आणि मग आपण विनोद केला याचीच तिला भीती वाटली. "देवा, माफ कर," असं ती मेंढ्याला म्हणाली.

शेवटी ईश्वरनं धाडस केलं. कललेलं शिंग पुन्हा काढून, मेंढा आणि शिंग डब्याच्या पिशवीत घालून तो कारखान्यात घेऊन गेला. तिथं वेल्डिंगवाले होते, डाग देऊन देतील, अशी आशा. वेल्डिंगच्या माणसानं शिंग हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं आणि मान हलवली. ज्योत लागली की वितळून जाईल. ईश्वरनं पिशवी गुंडाळली आणि संध्याकाळी निमूटपणे गेटवर आला.

गेटवर नवा सिक्युरिटी ऑफिसर होता, फौजेतून आलेला. त्यानं पिशवी उघडली.

"हे काय?"

"मेंढा."

"ते दिसतंय. कुणाचा?"

"माझा. म्हणजे सासऱ्यांचा."

"बाहेर न्यायचाय? गेटपास?"

"अहो, तो माझाच आहे. सकाळी मीच आत आणला."

"आत आणल्याची नोंद?"

नोंद नव्हती. ऑफिसरनं खुर्ची पुढं ओढली आणि शांतपणे समजावून सांगितलं. आत आल्याची नोंद नाही, म्हणजे ही वस्तू आत आलेलीच नाही. आत आली नाही तर ती इथंच तयार झाली असणार. इथं तयार झाली म्हणजे ती कंपनीची. आणि कंपनीची वस्तू डब्याच्या पिशवीतून बाहेर नेणं याला काय म्हणतात, ते ईश्वरनंच सांगावं.

ईश्वरला घाबरवायला एवढं पुरे होतं, पण वर अपमान असा की हा नियम त्यानंच केला होता. नोंदीशिवाय आलेल्या कुठल्याही वस्तूला गेटपास नाही, असं त्यानंच मोठ्या अक्षरांत छापून गेटवर लावलं होतं. ऑफिसरच्या डोक्यामागं तो कागद दिसत होता आणि खाली ईश्वरची सही होती.

मेंढा सिक्युरिटीच्या केबिनमध्ये जप्त झाला. दुसऱ्या दिवशी ईश्वर साहेबांना भेटला. साहेबांनी त्याला मॅनेजरकडं पाठवलं, मॅनेजरनं पर्चेसकडं, आणि पर्चेसवाल्यांनी विचारलं की मेंढा कुठल्या खात्यात येतो? कच्चा माल, पक्का माल की सुटे भाग? इकडं सिक्युरिटीच्या टेबलावर कुणीतरी मेंढ्याला कुंकू लावलं. दुपारपर्यंत पुढ्यात झेंडूची फुलं पडली. शिफ्ट सुटताना कामगार हात जोडून जायला लागले. आता हा मेंढा इथंच राहतोय की काय, या कल्पनेनं ईश्वरला घाम फुटला. आप्पांना काय सांगणार? की तुमचा मेंढा आमच्या कंपनीत कायम झाला?

शेवटी वाट एकच निघाली. मोडकी वस्तू भंगार म्हणून बाहेर जाऊ शकत होती. ईश्वरनं स्वतःच्या हातानं लिहिलं, 'धातूचा तुकडा, मोडका, निरुपयोगी, भंगार,' आणि खाली सही केली. लिहिताना पेन दोनदा थांबलं. "देवा बिरोबा, हे फक्त गेटपुरतं," असं तो पुटपुटला. ऑफिसरला वाटलं तो त्यालाच काहीतरी म्हणतोय.

आता दसरा तोंडावर आला होता. दोन नळ्यांतला डिंक एकत्र करून शिंग नीट ताठ बसवलं आणि सांधा झाकायला सोनेरी रंग आणला, फवारणीचा डबा. घरात वास नको म्हणून ईश्वर गच्चीवर गेला. नवरात्राच्या धुलाईत मागं राहिलेल्या वच्छलाबाईंच्या गोधड्या तिथं वाळत होत्या. त्यानं त्या नीट बघितल्या, वारा बघितला, पाठ करून उभा राहिला आणि डबा दाबला. वाऱ्यानं त्याच क्षणी मन बदललं.

"माझ्या आईच्या हातची गोधडी!" वच्छलाबाईंनी गच्चीच्या दारातून आरोळी ठोकली. "सोन्याची केली की हो!"

"काकू, रॉकेलनं निघेल."

"रॉकेल? माझ्या आईच्या गोधडीला?"

बाळासो खालून धावत आले. परिस्थिती बघून म्हणाले, "ॲसिड लावा."

त्या वेळी ईश्वरनं बाळासोंकडं जे बघितलं, तसं त्यानं आयुष्यात कुणाकडं बघितलं नव्हतं. बाळासो दोन पायऱ्या खाली गेले. गोधडी अंकितानं धुऊन द्यायची कबूल केली, आणि वच्छलाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत, पण थकल्या.

दसऱ्याला सकाळी ते राहूला पोचले. टॉवेल उघडला तेव्हा अंगणात "आयला, सोन्याचाच!" असा गलका झाला. ऊन पडलं आणि मेंढा झळाळला. आप्पांची मिशी थोडी वर गेल्यासारखी वाटली. ईश्वरनं कुणाला हात लावू न देता स्वतः बोल्ट आवळले. पाना सारखा घसरत होता, आणि प्रत्येक वेळी पाना घसरला की त्याचं काळीज शिंगाकडं धाव घेत होतं. शिंग राहिलं. सगळेजण सतरंज्या, डबे, पोरंबाळं मागं चढवायला गेले. ट्रकच्या नाकापाशी फक्त आप्पा आणि ईश्वर उरले.

आप्पा पुढं झाले. त्यांनी मेंढ्याच्या कपाळावर तळहात ठेवला. लोकरीच्या वेटोळ्यांवरून बोटं फिरवली. डोळे मिटले. मग हात डाव्या शिंगाकडं गेला, वळणावरून खाली आला. मग हात उजव्या शिंगाकडं गेला.

कट्ट, असा बारीक आवाज झाला.

आप्पांनी डोळे उघडले. शिंग त्यांच्या मुठीत होतं.

आता मिशी हलणार, आता आभाळ फाटणार, म्हणून ईश्वरनं मान खांद्यांत घेतली. पण काहीच झालं नाही. त्यानं हळूच वर बघितलं. आप्पांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. कपाळावर घाम होता. त्यांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, घराच्या दाराकडं बघितलं, आणि मूठ धोतराच्या घोळात लपवली.

"पाव्हणं," ते कुजबुजले, "माझ्या हातनं मोडलं."

ईश्वरनं खांद्यांतली मान वर काढली.

"हिला सांगू नका. पाया पडतो, पर हिला सांगू नका. आपला पोरगा, रविराज, तापानं फणफणला व्हता तवा हिनं ह्याला नवस केलाय. रोज फूल वाहती. मला ट्रकसकट घराभायेर काढंल."

'ही' म्हणजे गिताबाई, ईश्वरची सासू. ठेंगणी, गोरी, सदा हसतमुख बाई, जिनं ईश्वरला नेहमी दोन पोळ्या जास्त वाढल्या. इतक्या वर्षांत या घरात भ्यायचं कुणाला, हे आपण चुकीच्या माणसावरून ठरवलं होतं, असं त्याच्या ध्यानात आलं. आप्पा बायकोला भितात! आणि मग आणखी भयंकर गोष्ट ध्यानात आली, की खरं काय ते आपण आत्ता सांगायला पाहिजे.

"आप्पा, ऐका, ते शिंग..."

"आली!" आप्पा म्हणाले.

दारातून गिताबाई पूजेचं तबक घेऊन येत होत्या. आप्पांनी झेंडूची माळ ओढून मेंढ्याच्या गळ्यात घातली, शिंग त्याच्या जागेवर टेकवलं, आणि ईश्वरनं मागून माळेआडून ते बोटानं दाबून धरलं. दोघं खांद्याला खांदा लावून, मेंढ्याला राखायला उभं केल्यासारखे उभे राहिले.

गिताबाईंनी हळद वाहिली, कुंकू लावलं, भंडारा उधळला. निरांजन ओवाळलं. मग तबक खाली घेऊन त्यांनी माळ थोडी बाजूला केली. तिथं जावयाचं सोनेरी झालेलं बोट होतं.

"शिंग कुणी मोडलं?" त्यांनी विचारलं.

"मी," आप्पा म्हणाले.

"मी," ईश्वर म्हणाला.

दोन्ही एकदम.

अंगणातला गलका थांबला. ट्रकवरून अंकिता खाली डोकावली आणि लगेच आत गेली. गिताबाईंनी आधी नवऱ्याकडं बघितलं, मग जावयाकडं. मग हात पुढं केला. ईश्वरनं शिंग त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते तबकात ठेवलं आणि त्यालाही हळदकुंकू लावलं.

"माझ्या बापाच्या कळपात एका शिंगाचा मेंढा व्हता," त्या म्हणाल्या. "झुंजीत गेलं व्हतं दुसरं. बाकीचे मेंढे त्याला वाट द्यायचे. असू द्या. देव खोळंबलाय, चला." आणि पदर खोचून ट्रकच्या मागल्या बाजूला जाता जाता वळून म्हणाल्या, "घरी आल्याव बघते दोघांकडं."

आप्पांनी ईश्वरला पुढं केबिनमध्ये घेतलं. तिथं आजवर कुणाही जावयाला बसवलेलं नव्हतं. ट्रक खडखडत शेताच्या रस्त्याला लागला. नाकावर एका शिंगाचा सोनेरी मेंढा ऊन कापत चालला होता.

"माझ्यापायी खोटं बोलला तुम्ही," आप्पा रस्त्याकडं बघत म्हणाले. "पोटचं लेकरू बोललं नसतं."

ईश्वरला गप्प बसणं किती सोपं होतं!

"खोटं न्हाई, आप्पा. मीच मोडलं. ॲसिडात टाकला होता. मग डिंकानं चिकटवलं. तुमच्या हाताला नुसतं निघून आलं."

आप्पांनी गिअर बदलला.

"म्हंजी मी फुकटचा भ्यालो?"

"व्हय."

"आन् आता तिला जाऊन सांगावं, का मी न्हाई, ह्यांनी मोडलं?"

ईश्वरनं खाली मान घातली. "सांगा, आप्पा."

मागून गिताबाईंचा आवाज आला. त्या कुणाला तरी डबा नीट धर म्हणून सांगत होत्या. आप्पांनी मान आक्रसून घेतली.

"नगं," ते म्हणाले. "दोघं हाय तेच बरं हाय. एकट्याला लई जड जाईल."

मग ट्रक देवळाच्या वाटेला लागला. केबिन अरुंद होती, गुडघ्याला गुडघा लागला होता आणि दोन्ही गुडघे लटलट कापत होते. इंजिन जुनं आहे, फार हादरतं, असं नंतर दोघांनीही सांगितलं.